लाल डगला आणि सावळा चेहरा
(सैनिकांच्या लहान प्रतिकृती रंगविण्यापूर्वी करावयाचा अभ्यास)

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरला तेव्हा मी थोडा संकोचलो. मी काही इतिहासाचा अभ्यासक नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी करणारा माणूस. परंतु शौर्यदिनाच्या प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांबरोबर जे काम केले, त्यातून मी स्वतः बरेच शिकलो. तेच या लेखात मांडतो. विद्यार्थी मित्रांना त्याचा उपयोग होईल, अशी आशा आहे.

प्रसंग असा. १ जानेवारीच्या कार्यक्रमासाठी आपल्या फोंडाघाटच्या मुलामुलींनी कोरेगावच्या लढाईचा देखावा केला होता. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडतात तसे चार बोटे उंचीचे मातीचे शिपाई, पुठ्ठ्याची घरे, निळ्या कागदाची भीमा नदी. मेहनत खूप होती. सर्वजण कौतुक करीत होते. तेवढ्यात आपल्यातले एक वयोवृद्ध निवृत्त सुभेदार आले. चष्मा पुसून त्यांनी देखावा जवळून पाहिला आणि म्हणाले, "अरे पोरग्यांनो, ह्येंका खाकी कोणी घातल्यान? तेव्हा खाकी खय होती?"

मुले गप्प झाली. मग एका मुलीने धीर करून विचारले, "मगे काका, रंग खयचो लावचो?"

या प्रश्नाचे उत्तर तिथे असलेल्या कोणालाच देता आले नाही. मलाही नाही. नीट पाहिल्यावर आणखी तीन चुका ध्यानात आल्या. शिपायांच्या छातीवर पदके होती. ऐन लढाईच्या मध्यभागी विजयस्तंभ उभा होता. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रत्येक शिपायाचा चेहरा गुलाबी गोरा होता. कारण दुकानातून 'त्वचेचा रंग' म्हणून जी बाटली आणली होती, ती तशीच होती!

त्या वर्षी देखावा तसाच राहिला. पुढच्या वर्षी मात्र आम्ही आधी अभ्यास केला आणि मग ब्रश हातात घेतला.

रंग एवढा महत्त्वाचा का?

कोणी म्हणेल, मातीची खेळणी ती, लाल काय नि खाकी काय! हे म्हणणे वरवर खरे वाटते. पण विचार करा. कोरेगावच्या स्तंभावर लढाईत पडलेल्या कंपनीच्या ४९ सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय आहे, म्हणजे ते महार शिपाई होते. नावे दगडावर आहेत, पण त्यांचे चेहरे कुठेही नाहीत. पेशव्यांचे, सरदारांचे, इंग्रज सेनापतींचे चित्र काढायला चित्रकार होते. रात्रभर चालून आलेल्या शिपायाला समोर बसवून त्याचे चित्र कोण काढणार? म्हणून आज आपण जी चार बोटांची मूर्ती घडवतो, तीच लहान मुलांच्या डोळ्यांसमोर त्या माणसाचे रूप म्हणून राहते. ती मूर्ती चुकीची असेल तर त्याचे नाव दगडावर राहील आणि रूप मात्र दुसऱ्याचेच राहील.

दुसरे कारण अधिक व्यवहाराचे आहे. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. 'लढाऊ जाती' आणि 'बिगर-लढाऊ जाती' असा भेद करून पिढ्यान्पिढ्या पलटणीत असलेल्या समाजाला दार बंद केले गेले. त्याविरुद्ध १८९४ साली निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी विनंतीपत्र तयार केले. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. या अर्जांत नुसती गाऱ्हाणी नव्हती, समाजाच्या लष्करी सेवेचे दाखले होते. आपल्या पूर्वजांनी पुराव्यानिशी बोलण्याची सवय आपल्याला लावून दिली आहे. आपल्या देखाव्यातील चूक दाखवून "यांचा सगळा इतिहास असाच" असे म्हणण्याची संधी आपण कोणालाही का द्यावी?

लढाईची थोडक्यात माहिती

कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन यांच्या हाताखाली मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, सुमारे ५०० पायदळ, ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून पुण्याकडे निघाली. बरोबर २५० ते ३०० घोडेस्वार, ६ पौंडी दोन तोफा आणि मद्रास तोफखान्याचे २४ गोरे गोलंदाज होते. रात्रभर सुमारे ४० किलोमीटर चालून ते १ जानेवारी १८१८ च्या सकाळी भीमेकाठी कोरेगावला पोहोचले. समोर दुसऱ्या बाजीरावाची सुमारे २८,००० ची फौज होती. त्यांतील सुमारे २,००० सैनिकांनी प्रत्यक्ष गावात शिरून हल्ले केले. दिवसभर अन्नपाण्यावाचून ही तुकडी लढली. रात्री पेशव्यांची फौज मागे हटली आणि स्टाँटनची तुकडी शिरूरला परतली.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या पलटणीत सगळेच महार नव्हते. मराठा होते, रजपूत होते, मुसलमान होते, आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यूही होते. सर्वांचा डगला एकच होता. ज्या समाजाला गावात चांगले वस्त्र अंगावर घालण्यावरही बंधने होती, त्या समाजाचा माणूस इतरांच्या रांगेत त्याच रंगाचा डगला घालून उभा राहत होता. म्हणून या रंगाला आपल्या दृष्टीने वेगळा अर्थ आहे. अर्थात कंपनी सरकार हे काही उपकार म्हणून करीत नव्हते. शिपायाच्या कपड्यांतील काही भागाचा खर्च त्याच्याच पगारातून कापला जाई. हेही मुलांना सांगितले पाहिजे.

पुराव्याच्या पायऱ्या

बँकेत आम्ही व्हाऊचरशिवाय नोंद करीत नाही. रंगाच्या बाबतीतही तोच नियम लावावा. पण सगळी व्हाऊचरे सारख्या किमतीची नसतात. त्यांचा क्रम असा लावता येईल.

पहिली पायरी : त्या काळचे प्रत्यक्ष कापड, पट्टा, टोपी, बंदूक. लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमसारख्या संग्रहालयांत अशा वस्तू आहेत आणि त्यांची छायाचित्रे आता घरबसल्या पाहता येतात. मात्र दोनशे वर्षांचे कापड विटलेले असते. शिवणीच्या आत, घडीच्या आत, गुंडीच्या खाली जो रंग उरतो तो मूळ रंगाच्या जास्त जवळचा असतो.

दुसरी पायरी : गणवेशाचे लेखी हुकूम आणि कापड-खरेदीचे कागद. यांत रंगाचे नाव मिळते. पण हुकूम निघाला त्याच दिवशी सर्वांच्या अंगावर नवा कपडा आला, असे कधीच होत नसते. आपल्या कचेऱ्यांत नवे छापील फॉर्म येऊनही जुने संपेपर्यंत चालतात, तसेच तिथेही होते.

तिसरी पायरी : डोळ्यांनी पाहणाऱ्याने त्याच काळात काढलेले चित्र. त्या काळी हिंदी चितारी कंपनीच्या साहेबांसाठी शिपाई, हमाल, भिस्ती यांची चित्रे काढून देत. तिला कंपनी शैली म्हणतात. अशी चित्रे फार उपयोगी असतात.

चौथी पायरी : नंतरच्या काळात छापलेली चित्रे. उदाहरणार्थ, १९११ साली 'द आर्मीज ऑफ इंडिया' हे पुस्तक निघाले. त्यात मेजर लव्हेट यांनी काढलेली ७२ रंगीत चित्रे आहेत. चित्रे सुंदर आणि अभ्यासपूर्ण आहेत. पण तो १९११ चा गणवेश आहे, १८१८ चा नव्हे. शिवाय त्या काळात महारांची भरती बंद होती, हे ध्यानात ठेवूनच ते पुस्तक पाहावे.

पाचवी पायरी : कॅलेंडर, सिनेमा, दूरदर्शन मालिका आणि एकमेकांचे पाहून केलेले देखावे. याला पुरावा म्हणू नये. आमचे खाकी शिपाई इथूनच आले होते.

नियम असा की, वरच्या पायरीवर काही मिळत असेल तर खालच्या पायरीचे ऐकू नये. आणि दोन वेगळ्या पायऱ्यांवर एकच गोष्ट सांगितली असेल तर ती बरीच भक्कम धरावी.

कुठे फसायला होते?

(१) जुनी छायाचित्रे. १८५० नंतरची काळी-पांढरी छायाचित्रे पाहून रंग ओळखू नयेत. त्या काळच्या काचेवरच्या रसायनाला निळा प्रकाश चटकन दिसे आणि लाल व पिवळा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे लाल डगला छायाचित्रात काळाकुट्ट दिसतो, पिवळी पट्टी गडद दिसते आणि निळा रंग फिकट पांढुरका दिसतो. 'काळा कोट' म्हणून आपण ज्याला ओळखू, तो बहुधा लाल असतो!

(२) हाताने रंगवलेली छापील चित्रे. जुन्या काळी चित्र काळ्या रेषेत छापून नंतर कामगार त्यात हाताने रंग भरीत. एकाच चित्राच्या दोन प्रतींत गळपट्टी एकीत पिवळी तर दुसरीत हिरवी असू शकते. म्हणून एकाच प्रतीवर विसंबू नये.

(३) रंगाचे नाव. 'लाल' म्हणजे कोणता लाल? १८५६ साली पर्किन यांनी पहिला कृत्रिम रंग शोधला. त्यापूर्वीचे सर्व रंग वनस्पतींचे, किड्यांचे किंवा खनिजांचे होते. साध्या सैनिकाचा लाल बहुधा मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून केलेला, थोडा विटकरीकडे झुकणारा असे. अधिकाऱ्याचा भडक किरमिजी लाल कोचिनील नावाच्या किड्यापासून केलेला आणि महाग असे. निळा म्हणजे नीळ. ती उन्हाने, धुण्याने उतरते. तेव्हा एका रांगेतले वीस शिपाई एकाच बाटलीतल्या एकाच लालने रंगवले तर ते खरे दिसत नाहीत. कोणाचा डगला नवा, कोणाचा दोन पावसाळे पाहिलेला.

(४) तारीख. ही सर्वांत मोठी अडचण. कंपनीच्या शिपायांच्या आधीच्या चित्रांत आखूड पांढरा जांघिया आणि पायांत चपला दिसतात, नंतरच्या चित्रांत लांब विजार दिसते. डोक्यावर आधी पागोट्याच्या घडणीची उंच टोपी, पुढे शाकोच्या आकाराची टोपी, आणि १८५७ च्या सुमारास गोल किलमार्नोक टोपी. म्हणून चित्र मिळाले की आधी त्याचे साल विचारावे. सालाशिवायचे चित्र म्हणजे तारखेशिवायचा चेक.

आमचा कोरेगावचा शिपाई

या पायऱ्या लावून आम्ही एकेक गोष्ट ठरवत गेलो.

डगला : लाल. याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांचे कंपनीचे नियमित पायदळ त्या काळी लाल डगल्यात होते. गळपट्टी आणि मनगटाची पट्टी यांचा रंग वेगळा असे. त्याला फेसिंग म्हणतात आणि त्यावरून पलटण ओळखली जाई. ही पलटण पुढे १८२४ च्या फेररचनेत मुंबई इलाख्याची दुसरी रेजिमेंट झाली आणि ग्रेनेडियर हा मानाचा किताब तिच्याकडे आला. पहिल्या महायुद्धापूर्वी तिचा गणवेश लाल व फेसिंग पांढरे होते. आम्ही त्यावरून गळपट्टी पांढरी केली, परंतु तो नंतरच्या काळावरून केलेला तर्क आहे असे शेजारच्या कार्डावर स्पष्ट लिहिले.

पट्टे : छातीवर फुलीसारखे दोन पांढरे कातडी पट्टे. काडतुसांची पेटी काळ्या कातड्याची.

बंदूक : चापाला गार लावलेली, तोंडातून भरायची. नळी लोखंडी, दस्ता तपकिरी लाकडाचा, दस्त्यावरची बांधणी पितळेची. संगीन तीन धारांची. मुलांनी पूर्वी रायफलीसारखी काळी बंदूक केली होती, ती बदलली.

गोलंदाज : मद्रास तोफखान्याचे गोरे गोलंदाज निळ्या डगल्यात, लाल फेसिंगसह. देखाव्यात लालच्या मध्ये हे निळे ठिपके आले आणि पाहणारे विचारू लागले, "हे वेगळे कोण?" म्हणजे रंगाने आपले काम केले. तोफेची नळी पिवळसर धातूची, काळी नव्हे.

पदके : काढून टाकली. १८१८ साली साध्या शिपायाला असे पदक मिळालेले नव्हते. 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' हे पदक १८५१ साली निघाले आणि त्यावर 'कोरीगाम' अशी पट्टी होती. पण ते त्या वेळी जिवंत असलेल्यांनाच होते. ३३ वर्षांनी! जे पडले त्यांना नाही. हे मुलांना सांगितले तेव्हा सगळे क्षणभर शांत झाले.

स्तंभ : लढाईच्या देखाव्यातून काढला. त्याची पायाभरणी २६ मार्च १८२१ रोजी झाली. तो आम्ही वेगळ्या फळीवर उभा केला आणि त्यासमोर १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या भेटीचा देखावा केला. दोन काळ दोन फळ्यांवर. त्यामुळे इतिहासही स्पष्ट झाला.

पेशव्यांची बाजू : तिकडे सर्वांना एकच गणवेश देऊ नये. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार आणि स्वतःचे कपडे घेऊन चाकरीला येई. पायदळात अरब आणि गोसावी होते. तिकडे पागोट्यांचे आणि कपड्यांचे नाना रंग असणे हेच खरे. त्यांना एकाच रंगात रंगवून 'खलनायक' करू नये. समोरचाही शूर होता, म्हणूनच लढाई दिवसभर चालली.

जमीन : आमच्या मुलांनी जमीन लाल केली होती, कारण फोंड्यात सगळीकडे जांभ्याची लाल माती. त्यांना वाटले, माती म्हणजे लालच! भीमाकाठची माती काळसर, राखाडी. जानेवारीत गवत वाळलेले. घाट चढून वर गेल्यावर मातीचा रंग कसा बदलतो ते एस.टी.च्या खिडकीतून सर्वांनी पाहिले आहे, पण देखावा करताना कोणाला आठवले नाही. शिपायांच्या पायांवर, विजारीच्या कडेवर याच राखाडी मातीची धूळ लावली. रात्रभर चाललेला माणूस स्वच्छ कसा असेल?

चेहरा : आता मुख्य गोष्ट. गोरा गुलाबी रंग बाजूला ठेवून आम्ही तपकिरी, गेरू आणि पिवळी माती यांच्या मिश्रणाने चेहरे रंगवले. एकसारखे नव्हे. कोणी गडद, कोणी गव्हाळ. मी मुलांना म्हटले, रंग ठरत नसेल तर स्वतःचा हात शेजारी धरा. एका मुलाने आपल्या आजोबांचा हात धरला. सावंतवाडीच्या चितारआळीतील कारागीर लाकडाची फळे अशी हुबेहूब रंगवतात की माणूस फसतो. त्यांच्या घडवण्यात खऱ्या फळाचे निरीक्षण असते. आम्हाला १८१८ चा शिपाई समोर ठेवता येत नव्हता, पण त्याचा वंश तर समोर बसला होता.

खाकी कधी आली?

सुभेदार काकांच्या प्रश्नाचे उत्तर असे. १८४६ साली हॅरी लम्सडेन यांनी पेशावरला गाइड्स पथक उभारले, त्या पथकाने खाकी प्रथम वापरली. खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. १८५७ च्या धामधुमीत अनेक पलटणींनी आपले पांढरे कपडे चहा, माती, शाई असे जे मिळेल त्यात बुडवून मळकट करून घेतले. त्यामुळे त्या वेळची खाकी म्हणजे राखाडीपासून तपकिरीपर्यंत काहीही. पुढे पक्क्या रंगाची युक्ती निघाली आणि १८८५ च्या सुमारास हिंदुस्थानातील फौजेत खाकी हा नेमाचा रणवेश झाला. समारंभासाठी मात्र लाल डगला पहिल्या महायुद्धापर्यंत राहिला.

यावरून विद्यार्थ्यांनी पुढील क्रम वहीत उतरवून घ्यावा :

१८१८, कोरेगाव : लाल डगला.

१८९१, बाबासाहेबांचा जन्म. वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्याच्या सेवेत : लढाईला खाकी, समारंभाला पलटणीचा जुना रंग.

१९१७ ते १९२१, १११ वी महार पलटण : खाकी.

१ ऑक्टोबर १९४१, बेळगाव येथे महार रेजिमेंटची उभारणी : सुती खाकी, कमरेला व खांद्यावर जाड विणीचे सुती पट्टे.

१९४३ नंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीकडील सैन्य : जंगली हिरवा. सुरुवातीला खाकी कपडेच हिरव्या रंगात बुडवले जात. त्यामुळे हिरवा एकसारखा नसे. महार रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे शिपाई ब्रह्मदेशात होते, त्यांना रंगवताना हे ध्यानात ठेवावे.

बिल्ल्याचीही काळजी घ्यावी. महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ साली ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि एकमेकांवर ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन बिल्ल्यावर आल्या. स्वातंत्र्यानंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला. तेव्हा १९४१ च्या शिपायाला आजचा बिल्ला लावू नये.

रंगविण्याची रीत

पुरावा जमल्यावर हाताचे काम सोपे असते, पण काही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

मूर्ती शाडूची असेल तर पूर्ण वाळू द्यावी. मग गणपतीच्या शाळेत करतात तसा पांढऱ्याचा पातळ हात द्यावा. थेट मातीवर रंग दिला तर माती तो पिऊन टाकते. घरी केलेल्या मूर्तीला पोस्टर कलर चालतो, पण हात लागून पुसला जातो. ॲक्रिलिक रंग टिकतो. आधी चेहरा व हात, मग कपडे, मग पट्टे, शेवटी बंदूक, असे आतून बाहेर यावे. शून्य नंबरचा ब्रश पुरतो. चांगला एक घ्यावा, स्वस्तातले पाच घेऊ नयेत.

लहान वस्तूवर रंग आहे त्यापेक्षा गडद दिसतो. मोठ्या कापडाचा तुकडा जुळवून तोच रंग चार बोटांच्या मूर्तीला दिला तर मूर्ती काळवंडते. म्हणून रंग किंचित फिका करून घ्यावा. लाल रंग उजळताना त्यात पांढरा घालू नये, गुलाबी होतो. थोडा नारिंगी घालावा. सावलीसाठी काळा न घालता गडद तपकिरी घालावा. पांढरे पट्टे आधी फिक्या राखाडीने रंगवून मग वरच्या कडांना पांढरा द्यावा, म्हणजे जाडी दिसते. चेहऱ्याच्या नाकावर, गालावर उजेड दाखवायचा तो पिवळ्या मातीच्या रंगाने, पांढऱ्याने नव्हे. नाहीतर पुन्हा तो गोरा होऊ लागतो! शेवटी चमक नसलेले वॉर्निश द्यावे. चकचकीत वॉर्निशने सुती कापड प्लॅस्टिकसारखे दिसते.

कार्डाची सवय

सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक मूर्तीजवळ ठेवलेले छोटे कार्ड. त्यावर तीन खुणा. 'प' म्हणजे पुरावा आहे. 'त' म्हणजे तर्काने ठरवले. 'क' म्हणजे कल्पनेने केले. डगल्याचा लाल : प. गळपट्टीचा पांढरा : त. चेहऱ्याची ठेवण : क. आरंभी काही मंडळींना हे आवडले नाही. "आपणच आपल्या कामात उणे दाखवायचे का?" असे एकाने विचारले. माझे उत्तर सोपे होते. हिशेबाच्या वहीत जमा आणि येणे वेगळे लिहिले म्हणून शिल्लक कमी होत नाही, वहीवरचा विश्वास वाढतो. प्रत्यक्षात तसेच झाले. प्रदर्शनाला आलेले इतर समाजांचे शिक्षक, विद्यार्थी ती कार्डे वाचत उभे राहिले. वाद घालायला आलेला एक गृहस्थ कार्ड वाचून "हे बरे केलेत" म्हणून गेला.

समारोप

दुसऱ्या वर्षीच्या प्रदर्शनाला सुभेदार काका पुन्हा आले. आता त्यांची नजर कमी झाली आहे. त्यांनी एक शिपाई हातात घेऊन खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, बराच वेळ पाहिला. लाल डगल्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. चेहऱ्यावरून अंगठा फिरवला आणि एवढेच म्हणाले, "ह्यो आमचो दिसता."

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरांतही असे पुरावे पडून आहेत. आजोबांचा जुना पट्टा, बिल्ला, सेवापुस्तिका, पेन्शनचा कागद, ट्रंकेच्या तळाशी घडी घातलेला कोट. ते भंगारात देऊ नका. घासून पुसून चकचकीत करू नका. त्यावर नाव, साल, कोणी वापरला ते लिहून ठेवा. घडीच्या आतला रंग पाहा. वृद्ध माणसे आहेत तोवर त्यांना विचारा, कारण त्यांच्या आठवणींचे दुसरे पुस्तक कुठेही छापलेले नाही. पुढच्या १ जानेवारीला आपल्याला १९४१ च्या बेळगावच्या पहिल्या तुकडीचा देखावा करायचा आहे. त्यासाठी ज्यांच्या घरी अशी वस्तू असेल त्यांनी ती संस्थेच्या कार्यालयात दाखवायला आणावी. वस्तूचे छायाचित्र काढून, नोंद करून ती लगेच परत दिली जाईल. पोच मी स्वतः लिहून देईन.